गुडघ्याखाली चार बोटं

१

सकाळी नवरा उंबऱ्यात उभा राहिला की आंका आधी त्याच्या गुडघ्यांकडे बघायची, तोंडाकडे नंतर. सदरा गुडघ्याखाली चार बोटं आला की तिचा जीव भांड्यात पडायचा. मग ती चुलीकडे वळून वरीचा घाटा ढवळायला घ्यायची.

या बघण्याला कारण होतं. मागुरा गावात ती लग्न होऊन आली होती, पण ती स्वतःच्या मर्जीनं नाही, आणि नवऱ्याच्या, द्रागोमीरच्याही, मर्जीनं नाही. गवतकापणीच्या दिवसांत वोदाचे स्वार गावावरून गेले होते. वोदा म्हणजे तिर्गोविश्तेच्या गादीवरचा राजा. त्याचं नाव गावात कुणी घेत नसे. फार तर बाया 'ड्राकुलचं पोर' असं पुटपुटायच्या आणि लगेच छातीवर क्रूस काढायच्या. स्वारांना कुरणात गवत कापणारा द्रागोमीर दिसला, आणि त्याचे उघडे गुडघे दिसले.

"नवऱ्याला अंगभर सदरा शिवता येत नाही तुझ्या बायकोला?" स्वारांच्या नायकानं विचारलं. "आळशी दिसते. वोदाच्या राज्यात आळशी बायकांना जागा नाही."

बायको चांगली आहे सरकार, माझी काही तक्रार नाही, असं द्रागोमीर हात जोडून सांगत राहिला. त्याच दिवशी त्याच्या बायकोला, दोब्राला, कुरणाच्या कडेला सुळावर चढवलं. तिला खाली उतरवायचं नाही असा हुकूम झाला. आणि कष्टाळू माणसाचं घर बायकोवाचून राहू नये म्हणून स्वारांनी शेजारच्या खोऱ्यातून एक तरणी विधवा उचलून आणली. ती आंका.

येताना नायकानं गाडी मुद्दाम कुरणापाशी थांबवली होती. "नीट बघून घे," तो म्हणाला, नव्या मोलकरणीला विहीर कुठं आहे ते दाखवावं इतक्या साधेपणानं. आंकाला मान वर करायचा धीर झाला नाही. तिनं फक्त पावलं पाहिली. ती हवेत लोंबत होती, बोटं जमिनीकडे झालेली. मग गाडी देवळाकडे वळली. लग्न लावताना गावच्या पोपाचे, म्हणजे देवळातल्या धर्मगुरूचे, हात इतके कापत होते की नवरानवरीच्या डोक्यावर धरायचा मुकुट दोनदा घसरला.

तेव्हापासून आंका सूत काततच होती. विणत होती, शिवत होती, धूत होती. जेवायचीही ती उभ्यानंच.

त्या दिवशी सकाळी द्रागोमीर उंबऱ्यात उभा राहिला, आणि गुडघ्याखाली दोनच बोटं सदरा होता.

२

कापड आटलं, एवढंच तिला वाटलं. जवसाच्या धाग्याचं कापड पहिल्या धुण्यात आटतंच, हे लहान पोरीलाही ठाऊक असतं. आपण घाईघाईत कोरंच कापड शिवलं, चूक आपली, असं म्हणून तिनं स्वतःला चार शिव्या दिल्या आणि नवं कापड मागावरून उतरवलं. हे मात्र तिनं राखेच्या पाण्यात उकळलं, ओढ्यावर नेऊन दगडावर बडवलं, उन्हात वाळवलं, आणि परत उकळलं.

कुंपणापलीकडून तुदोरा हे सगळं बघत होती. तुदोरा दोब्राची आई. लेकीला गावातच दिली म्हणून एकेकाळी सगळ्यांनी तिचा हेवा केला होता. आता तिच्या अंगणातून कुरण दिसायचं, म्हणून तिनं त्या बाजूची खिडकी फळ्या ठोकून बंद केली होती.

"काय गं पोरी, कापडाचा जीव घेतेस काय?"

"आटू नये म्हणून, मावशी."

"हां." तुदोरानं हातातली शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले. "आटायचं ते आटतंच."

ती हे खोचून बोलली की नुसतीच बोलली, ते आंकाला कळलं नाही. तुदोराचं बोलणं असंच होतं. ज्या दिवशी आंका या घरात आली त्या दिवशी तुदोरा एका मडक्यात दही घेऊन आली होती आणि म्हणाली होती, "राजानं दिलेली नवरी बघायला आले." मग मडकं ठेवून निघून गेली होती. दही मात्र गोड होतं.

नवा सदरा आंकानं पोटरीपर्यंत शिवला. द्रागोमीरनं तो घातला, हात पसरून बघितला, आणि हसला. "पोपाचा झगा झालाय की."

"होऊ दे. हसू दे लोकांना."

चार-सहा दिवस बरे गेले. मग एका सकाळी त्यानं उंबऱ्यात वाकून वहाणांच्या वाद्या बांधल्या, सरळ उभा राहिला, आणि आंकाच्या हातातली पळी चुलीत पडली. सदरा गुडघ्यावर होता. गुडघ्याखाली एक बोटही नाही.

"तू याला काही केलंस?"

"कशाला?"

"सदऱ्याला. कापलास? दुमडलास?"

द्रागोमीरनं खाली बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरून रंग उतरला, पण तो म्हणाला एवढंच, "आटला असेल."

३

आंकानं सदरा काढून घेतला आणि बाकावर पसरला. सदरा बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि वर एक हात उरला. शिवला तेव्हाही तेवढाच होता, तिला पक्कं आठवत होतं. खालचा काठ तिनं लाल दोऱ्यानं शिवला होता. टाके तिचेच होते. एकही उसवला नव्हता.

"घाल पुन्हा."

त्यानं घातला. गुडघ्यावर.

"सरळ उभा राहा."

"सरळच आहे."

"हात वर केलेस?"

"आंका, माझे हात हे बघ. खाली आहेत."

तिनं पुन्हा काढायला लावला, पुन्हा बाकावर पसरला. पुन्हा तेवढाच. ती बाकावर बसून राहिली. कापड बाकावर असताना एक मापाचं आणि अंगावर गेल्यावर दुसऱ्या मापाचं कसं असेल? मग माणूसच वाढतोय की काय? तिशी उलटलेला माणूस वाढतो का? तिच्या माहेरी एक पोरगा एका हिवाळ्यात वीतभर वाढला होता, पण तो पोरगा होता, आणि त्याचे हातपायही वाढले होते. द्रागोमीरच्या बाह्या मनगटावर बरोबर बसत होत्या.

तिनं त्याला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा केला आणि डोक्यावर कोळशानं रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं रेघेच्या वर होतं. पण काल त्याच्या पायात वहाणा होत्या की नव्हत्या? आठवेना. त्याला विचारलं तर त्यालाही आठवेना. तिसऱ्या दिवशी दोघांनी ठरवून वहाणा काढल्या, आणि रेघ सापडली नाही. कुणी पुसली असेल, किंवा त्याच्याच पाठीला लागून गेली असेल. आंकाला वाटलं, आपलं डोकं ठिकाणावर नाही. झोप नाही, नीट खाणं नाही, अशात माणसाला काय वाटेल ते वाटतं.

पण त्या दिवसापासून एक गोष्ट तिच्या ध्यानात यायला लागली. द्रागोमीर दारातून येताना मान वाकवायचा. आधी वाकवत होता का?

"दारच खाली बसलंय," तो म्हणाला. "पावसाळ्यात पाया खचला."

हेही खरं असू शकत होतं. आंकानं ते मान्य केलं, आणि सूत कातायला बसली. चुलीपाशी जमिनीत एक फळी होती, तिच्यावर पाय पडला की ती करकरायची. आंका तिच्यावरून गेली की करकरायची, मांजर उडी मारून उतरलं तरी करकरायची. द्रागोमीर बाहेरून आला, फळीवरून चुलीपर्यंत गेला, पाण्याचा तांब्या घेतला, परत आला.

चाती तिच्या हातात थांबली. तिनं कान दिले. तांब्यातलं पाणी डुचमळल्याचा आवाज आला. बाकी काही नाही.

४

रागावणं भिण्यापेक्षा सोपं असतं. आंकाला राग धरायला कुणीतरी हवं होतं, आणि कुंपणापलीकडे तुदोरा होती. पोटच्या पोरीच्या जागी आलेली बाई कुणाला सहन होईल? म्हातारी येऊन सदरा कापत असेल, तसेच टाके घालत असेल. बाकावर मोजलेलं माप आंकानं मुद्दामच विसरून टाकलं. एका रात्री तिनं सदरा अंगाखाली घेऊनच झोप काढली. सकाळी तो द्रागोमीरच्या अंगावर मांडीपर्यंतच आला. तिनं दोन पट्ट्या कशाबशा जोडल्या, त्याला शेतात पाठवलं, आणि तशीच कुंपणाचं फाटक ढकलून तुदोराच्या घरात शिरली.

"मावशी, मला सुळावर चढवून तुझी पोर परत येणार आहे का?"

तुदोरा पीठ चाळत होती. तिनं चाळणी खाली ठेवली. आंकाला वाटलं आता ही ओरडेल, धावून येईल. तिनं तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

"किती आला?" तुदोरानं विचारलं.

"काय?"

"सदरा गं. कुठपर्यंत आला?"

आंकानं हातानं स्वतःच्या मांडीवर दाखवलं.

तुदोरा उठली. कोपऱ्यातल्या पेटीचं झाकण उघडून तिनं वरचे कपडे बाजूला केले आणि तळातून एक सदरा काढला. "हा त्या दिवशी त्याच्या अंगावर होता. मी मागून घेतला."

तिनं तो जमिनीवर पसरला. पसरतच गेली. वरचा भाग चांगल्या पांढऱ्या कापडाचा होता. त्याच्या खाली एक पट्टी, मग दुसरी, मग तिसरी. एक बाईच्या डोक्याच्या रुमालाची होती, नक्षीसकट. एक पिठाच्या पोत्याची. एक उशीच्या अभ्र्याची असावी. शेवटचे टाके वेडेवाकडे होते, अंधारात किंवा रडत घातल्यासारखे. सदरा खोलीच्या निम्म्यापर्यंत गेला. असा सदरा उंचातल्या उंच माणसाच्या टाचांखाली लोळला असता.

"शेवटी शेवटी दोब्रा रोज एक पट्टी जोडायची," तुदोरा म्हणाली. "त्या दिवशी सकाळी मी स्वतः मापून बघितला. जमिनीवर लोळत होता. तिला म्हटलं, आज तरी निवांत जेव."

"आणि मग?"

"मग काय. स्वारांना गुडघे दिसले."

आंका सदऱ्यापाशी खाली बसली. तिच्या हाताखाली पिठाच्या पोत्याची पट्टी होती, खरखरीत. इतके दिवस मनाच्या तळाशी तिनं दोब्राचं भूत गृहीत धरलं होतं, हे तिला आत्ता कळलं. भूत असतं तर चाललं असतं. भुताला काहीतरी हवं असतं, ते देता येतं, दिवा लावता येतो, पोपाला बोलावता येतं. पण हे तर दोब्राच्याही आधीपासून होतं. दोब्रानंही त्याच घरात बसून, याच दोऱ्यानं, हेच केलं होतं.

"पोपाला सांगितलंस?"

"सांगितलं. उपास कर म्हणाला." तुदोरा सदऱ्याची घडी घालायला लागली. घालता घालता थांबली. "तुझ्याकडे कापड आहे का पुरेसं?"

"नाही."

म्हातारीनं पलंगावरची चादर ओढली आणि तिच्या अंगावर टाकली.

५

दुपारी द्रागोमीर जेवायला आला तेव्हा आंकानं त्याला अंगणातच गाठला. जर्दाळूच्या झाडाखाली तो भाकरी आणि खारवलेलं चीज खात बसला होता. बसलेला असताना तो नेहमीसारखाच दिसायचा.

"मला खरं सांग. तुला कधीपासून ठाऊक आहे?"

त्यानं भाकरी फडक्यावर ठेवली.

"मला काय ठाऊक आहे तेच मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "पाय गार पडतात. उन्हातसुद्धा. गवतातून चालताना गवत लागत नाही. मला वाटलं, तळव्यांना घट्टे पडले असतील."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षी ते स्वार पहिल्यांदा या वाटेनं गेले ना, तेव्हा आम्ही सगळे शेतात होतो. ते जाईपर्यंत मान खाली घालून उभे राहिलो. श्वाससुद्धा घेतला नाही कुणी. ते डोंगराआड गेले, बाकीचे कामाला लागले, आणि मला आपलं वाटत राहिलं, की..." तो थांबला. "हसशील तू."

"नाही हसत."

"की मी अजून पुरता खाली आलो नाही."

आंकानं त्याच्या पायांकडे बघितलं. मांडी घालून बसला होता, पाय सदऱ्याखाली झाकलेले. हात पुढं करून तो काठ उचलावा असं तिला वाटलं. पण तिनं हात मागं घेतला.

"दोब्राला सांगितलं होतंस?"

"तिला दिसत होतंच. ती म्हणायची, वेडा आहेस, कापड आटतंय." त्यानं उरलेली भाकरी फडक्यात बांधली, नीट, गाठ मारून. "तू पळून जा, आंका. मी सांगेन, ओढ्याला पूर आला त्यात गेली."

"आणि जाऊ कुठं? माझ्या खोऱ्यात त्याचे स्वार नाहीत?"

या माणसाबरोबर तिला जबरदस्तीनं बांधलं होतं. आजवर तिनं त्याच्याकडे खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखंच बघितलं होतं. आता पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, हाही घाबरला आहे, आणि माझ्यापेक्षा जास्त दिवस घाबरला आहे.

"ऊठ," ती म्हणाली. "माप घेऊ दे."

६

इल्या संताच्या सणानंतर गहू कापायला आला. सगळं गाव शेतात होतं. डोक्यावर ऊन आलं तेव्हा वाटेवर धूळ दिसली, आणि बायांच्या गाण्याचा आवाज मधेच तुटला.

स्वार सरळ द्रागोमीरच्या शेताकडे आले. तोच नायक होता. घोडा पेंढ्यांमधून चालवत तो जवळ आला आणि आंकाला ओळखून त्यानं मान हलवली, जुन्या ओळखीच्या माणसानं हलवावी तशी.

"काय, कशी आहे नवी बायको? काम करते ना?"

"करते, सरकार," द्रागोमीर म्हणाला.

"विळा ठेव. उभा राहा नीट. बघू."

आंकानं आणि तुदोरानं मिळून शिवलेला सदरा इतका लांब होता की सकाळी घरातून निघताना द्रागोमीरला तो दोन्ही हातांनी उचलून धरावा लागला होता. आंकानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं, कापड अंगणातल्या धुळीतून ओढलं गेलं होतं. कापणी करताना त्यानं तो कमरेला खोचला होता. आता त्यानं खोचलेलं सोडलं. पट्ट्या एकामागून एक खाली सुटल्या, चादरीची, जुन्या परकराची, आंकाच्या पहिल्या लग्नातल्या ओढणीची. काठ खाली आला आणि थांबला.

गुडघ्याखाली चार बोटं.

आंकानं शेजारची पेंढी धरली. पलीकडे तुदोरा डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडावर धरून उभी होती.

"हं," नायक म्हणाला. "ठीक आहे." पण तो गेला नाही. त्याच्या कपाळावर आठी पडली. एवढं कापड, इतक्या पट्ट्या, आणि काठ मात्र गुडघ्याशी. त्याला काहीतरी जमत नव्हतं, पण काय ते त्याच्या ध्यानात येत नव्हतं. तो घोड्यावरून उतरला, द्रागोमीरसमोर आला, आणि चाबकाच्या दांड्यानं सदऱ्याचा काठ उचलायला वाकला.

त्यानं काय पाहिलं ते त्यानं कधी कुणाला सांगितलं असेल असं वाटत नाही. तो वाकलेलाच राहिला. घोड्यानं फुरफुर केली, मागं सरकला. मग नायक हळूहळू सरळ झाला, आणि त्यानं द्रागोमीरच्या तोंडाकडे न बघता आंकाकडे बघितलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"चांगलं शिवलंयस, बाई," तो म्हणाला.

रिकिबीत पाय घालायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

स्वार वळले. आंका पेंढीसकट खाली बसली, आणि तशी बसल्यावर तिची नजर धसकटांच्या उंचीवर आली. माथ्यावर ऊन होतं. कापलेल्या गव्हाची धसकटं समोर ताठ उभी होती, एकही वाकलेलं नाही, मोडलेलं नाही. त्यांच्या टोकांवर उजेड होता. उजेडाच्या वर द्रागोमीरची पावलं होती, बोटं जमिनीकडे झालेली.

आणि खाली, जिथं भर दुपारी सावली पायापाशी गोळा व्हायला हवी तिथं, एक सावली होती. माणसाची नव्हती. अरुंद, सरळ, मनगटाएवढी जाड, कुरणाच्या कडेला पडायची तशी.

आंकानं डोळे मिटले. कुणीतरी तिला खांद्याला धरून उठवलं. द्रागोमीर होता. "गेले ते," तो म्हणत होता, "आंका, गेले ते." त्याचा हात गरम होता, साध्या कष्टकरी माणसाचा घामेजलेला हात. तिनं पुन्हा खाली बघितलं नाही. उन्हानं डोळ्यांसमोर अंधारी येते, अंधारीत काहीही दिसतं, असं तिनं दिवसभर स्वतःला बजावलं, आणि पेंढ्या बांधत राहिली.

७

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा खालच्या रस्त्यानं तुर्की फौज गेल्याची बातमी आली. मग वोदा डोंगर ओलांडून पळाल्याची. मग तिकडे त्याला पकडून कोठडीत घातल्याची. पहिले काही दिवस कुणी विश्वास ठेवला नाही. स्वारांची वाट बघत लोक मान खाली घालूनच कामं करत राहिले. शेवटी एक मीठवाला नव्या वोदाचं नाव मोठ्यानं घेत गावातून गेला आणि त्याला कुणीच काही केलं नाही, तेव्हा खरं वाटलं.

दोब्राला खाली उतरवायला द्रागोमीर स्वतः गेला. तुदोरा पेटीतला तो सदरा घेऊन आली होती. त्यातच तिला गुंडाळली. सदरा चांगला लांब होता, पुरून उरला. पोपानं प्रार्थना म्हटली, या वेळी त्याचे हात कापले नाहीत. तुदोरा रडली, मोठ्यानं, गावभर ऐकू जाईल इतकं, आणि आंकानं तिला धरून ठेवलं.

त्या संध्याकाळी द्रागोमीर घरात शिरताना सदऱ्यात पाय अडकून तोंडावर आपटला.

दोघं जमिनीवर बसून एकमेकांकडे बघत राहिली. सदरा त्याच्या टाचांखाली हातभर लोळत होता. मग आंकाला हसू फुटलं, त्यालाही फुटलं, आणि ते हसणं थांबेना. कात्री घेऊन तिनं एकेक पट्टी उसवली. ओढणीची पट्टी तिनं जपून ठेवली, बाकीची चिंधुकं चुलीत गेली.

दुमित्रू संताच्या सणाला देवळासमोरच्या मैदानात होरा झाला. गोल करून, एकमेकांचे हात धरून नाचायचं. किती दिवसांनी नाच होत होता कुणास ठाऊक. ऊन कोवळं होतं, आलुबुखाऱ्याची नवी दारू फिरत होती, बासरीवाल्याचे गाल फुगले होते.

"ये ना पोरी!" तुदोरानं गोलाबाहेरून तिला ढकललं. "तुझं वय आहे. माझी हाडं गेली."

आंका गोलात शिरली. एका बाजूला द्रागोमीर होता, दुसऱ्या बाजूला लोहाराची बायको. गोल डावीकडे वळला, मग उजवीकडे, मग सगळ्यांनी मिळून पाय आपटला. धप्प. पुन्हा धप्प. त्या धक्क्यानं जमीन हलल्यासारखी वाटली. देवळावरची कबुतरं उडाली. म्हातारे, पोपा, लोहार, पोरीबाळी, सगळ्यांचे पाय एकाच वेळी मातीवर पडत होते आणि लोक वेड्यासारखे हसत होते, काहींचे डोळे वाहत होते.

आंकाही हसत होती. हसता हसता तिला जाणवलं की हा आवाज तिनं या गावात कधी ऐकलाच नव्हता. पावलांचा आवाज. ना ओढ्यावर, ना देवळात, ना शेतात. इतके दिवस ती एका माणसाचे गुडघे बघत राहिली. बाकीच्यांकडे तिनं कधी बघितलंच नव्हतं.

आता आहे ना आवाज, असं म्हणून तिनंही जोरात पाय आपटला. सगळ्यांबरोबर धप्प झालं. पुन्हा आपटला. इतक्या पावलांत आपलं कोणतं ते तिला ओळखू येईना. तिनं मुद्दाम थोडा उशीर करून, एकटीनंच पाय आपटला आणि कान दिले. पण नेमकी तेव्हाच बासरी वर चढली, लोहाराची बायको खिदळली, आणि काही कळलंच नाही.

खाली बघावंसं तिला वाटलं, पण बघवेना.

गोल पुढं सरकत होता. तिचा उजवा हात ओढला जात होता. द्रागोमीर थांबला होता. तो आपल्या जागी घट्ट उभा होता, दोन्ही पाय रोवून, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. आंकाला काय वेगळं वाटतंय ते क्षणभर समजेना. त्याच्या टोपीचा वरचा भाग तिला वरून दिसत होता. मागुऱ्यातला सगळ्यांत उंच माणूस, आणि तो मान वर करून तिच्याकडे बघत होता.

"असा काय बघतोस?" तिनं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. त्यानं दुसरा हातही तिच्या मनगटावर ठेवला. "फक्त माझा हात सोडू नकोस."